पुण्यातून परदेशी पोस्टकार्डं: पाठवणं, मिळवणं आणि जपणं

परदेशातल्या अनोळखी माणसाला चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं आणि तिसऱ्याच देशातून आपल्या पत्रपेटीत एखादं कार्ड येऊन पडायची वाट पाहायची, या छंदाला फार भांडवल लागत नाही. कार्ड, तिकिटं, बरा पेन आणि नीट पत्ता एवढ्यावर सुरुवात होते. पुण्यात बसून हे करताना मात्र काही अडचणी हमखास येतात. चांगली चित्रकार्डं पटकन मिळत नाहीत, पोस्टाच्या प्रत्येक खिडकीवर परदेशी कार्डाचा दर पाठ नसतो, पावसाळ्यात शाई फुटते, आणि पेठेतला आपला लांबलचक पत्ता जपानमधल्या माणसाला उतरवून घेता येईल असा लिहिणं ही एक कसरतच असते. त्या सगळ्यांतून वाट काढत पहिल्या कार्डापासून नीट लावलेल्या संग्रहापर्यंत कसं जायचं, ते सविस्तर लिहिते आहे.

माझा एक आग्रह आधीच सांगते. किती देश झाले याचा हिशोब ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येक कार्ड एका माणसासाठी, त्याचं नाव मनात धरून लिहिलेलं असावं. पुढच्या बऱ्याचशा सूचना या आग्रहातूनच आलेल्या आहेत.

थोडं मागचं

पहिलं अधिकृत पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. त्यावर चित्र नव्हतं, नुसतं कोरं कार्ड होतं. म्हणून आता १ ऑक्टोबर हा जागतिक पोस्टकार्ड दिन म्हणून पाळतात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा मुहूर्त चांगला आहे. भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. त्याआधीच, १८७६ साली, भारत जागतिक टपाल संघात सामील झाला होता. हा संघ १८७४ साली बर्न शहरात झालेल्या करारातून जन्मला. आपण पुण्यात लावलेल्या भारतीय तिकिटावर पेरूमधला पोस्टमन कार्ड घरपोच देतो आणि तिथे पुन्हा पैसे मागत नाही, ही सोय त्या कराराची देणगी आहे. इतकी जुनी, इतक्या देशांनी मिळून सांभाळलेली ही व्यवस्था आपल्या हाताशी आहे याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

देवाणघेवाण कशी चालते

सुरुवातीला पोस्टक्रॉसिंग या संकेतस्थळावर नाव नोंदवावं असं मी सुचवेन. पोर्तुगालच्या पावलो मागाल्याएस यांनी जुलै २००५ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे आणि सदस्यत्व मोफत आहे. रीत अशी: तुम्ही पत्ता मागता, तुम्हाला जगातल्या कुठल्यातरी एका सदस्याचा पत्ता आणि एक कार्ड क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहून तुम्ही कार्ड पाठवता. ते पोचलं की समोरचा माणूस क्रमांक नोंदवतो, आणि त्या क्षणी तुमचा पत्ता दुसऱ्याच कुणा सदस्याला मिळायच्या रांगेत लागतो. ज्याला तुम्ही पाठवलं त्याच्याकडून सहसा उलट कार्ड येत नाही. जितकी पाठवाल तितकी मिळतील, हा इथला न्याय.

नवीन सदस्याला एका वेळी पाच कार्डं प्रवासात ठेवता येतात, मग पोचलेल्या कार्डांच्या संख्येबरोबर ही मर्यादा हळूहळू वाढते. साठ दिवसांत कार्ड नोंदलं गेलं नाही तर ते मुदतबाह्य धरतात आणि ती जागा तुम्हाला नव्या कार्डासाठी मोकळी होते. उशिरा पोचलेलं कार्डही नंतर नोंदवता येतं, त्यामुळे साठ दिवस झाले म्हणून आशा सोडायची गरज नाही. पाचही पत्ते एकदम मागू नका. दोन मागा, ती कार्डं मनासारखी लिहा, पोस्टात टाका आणि मग पुढचे मागा. पत्ता मागून आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिला, तर साठांतला आठवडा तिथेच गेला.

दुसरा मार्ग थेट अदलाबदलीचा. दोघांनी आधी ठरवून एकमेकांना कार्ड पाठवायचं. यात आवडीचा विषय मागून घेता येतो, ठरावीक देश पुरा करता येतो, आणि कुणाशी सूर जुळला तर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. पण इथे सगळा कारभार विश्वासावर, म्हणून आधी काही महिने पहिल्या पद्धतीने हात बसू द्या.

आपला पत्ता आधी नीट करा

पुणेरी पत्ता म्हणजे इमारत, विंग, मजला, सोसायटी, अमक्या मारुतीजवळ, तमक्या हॉलच्या मागे. परदेशातला माणूस हे सगळं हाताने उतरवणार आहे, तेही कार्डाच्या अर्ध्या भागात. म्हणून पत्ता पाच, फार तर सहा ओळींत बसवा: नाव, फ्लॅट आणि इमारत, रस्ता किंवा एकच खूण, पेठ किंवा उपनगर, पुणे आणि पिनकोड, शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत देशाचं नाव. पिनकोड अजिबात चुकवू नका. सदाशिव पेठेचा ४११०३०, डेक्कन जिमखान्याचा ४११००४, कोथरूडचा ४११०३८. पिनकोड बरोबर असला की उरलेल्या पत्त्यातली एखादी चूक आपला पोस्टमन सांभाळून घेतो. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे आहेत आणि त्यांची कल्पना टपाल खात्यातले अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. मराठी माणसाने हे एखाद्या कार्डावर जरूर सांगावं.

इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर जास्तच जपा. सध्या पेठांत आणि कोथरूडमध्ये निम्म्या गल्ल्यांत हेच चालू आहे. भाड्याच्या घरात जायच्या दोन-तीन महिने आधी खात्यातला पत्ता बदला किंवा खातं काही काळ निष्क्रिय ठेवा, कारण जुना पत्ता घेऊन निघालेली कार्डं तोपर्यंत वाटेतच असतात. पोस्टमनकाकांना एकदा भेटून नाव सांगून ठेवा. परदेशी कार्डं येणार आहेत हे त्यांना ठाऊक असलं की जिन्याखालच्या उघड्या पेटीत टाकण्याऐवजी ते आवर्जून हातात देतात.

अनोळखी लोकांना घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्टात भाड्याने पोस्ट बॉक्स घेता येतो, किंवा परवानगी असेल तर कचेरीचा पत्ता वापरता येतो. मुलांच्या हौसेसाठी हे करत असाल तर खातं आणि पत्ता पालकांच्या नावाने ठेवा. चित्र आणि मजकूर मुलांचा असू द्या. दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख, बँकेचं काही, यातलं एक अक्षरही कार्डावर नको. कार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचतं.

कार्डं कुठून आणायची

पर्यटनाच्या मोठ्या शहरांत जशी कार्डांची फिरती स्टँडं दिसतात तशी पुण्यात दिसत नाहीत. संग्रहालयांमधली विक्रीची जागा, मोठी पुस्तकांची दुकानं, चित्रकारांची प्रदर्शनं आणि जीपीओतला, म्हणजे मुख्य पोस्टातला, फिलाटेली (तिकीटसंग्राहकांसाठीचा) विभाग इथे नेहमी चौकशी करत राहावं. जे आवडेल ते दिसल्या दिवशी घ्यावं, पुन्हा मिळेलच असं नाही.

पण पुण्यात सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतःची कार्डं छापून घेणं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि नारायण पेठेत डिजिटल छपाई करणारे पुष्कळ आहेत, आणि ते थोड्या प्रतीही काढून देतात. आकार ए६ सांगा, म्हणजे १४८ बाय १०५ मिलिमीटर. टपालाच्या नियमांत तो आरामात बसतो. कागद २५० ते ३०० जीएसएमचं (हे कागदाच्या वजनाचं माप) कार्ड. पुढच्या बाजूला हवं तर मॅट लॅमिनेशन करा, पण मागची बाजू कोरी आणि बिनचकाकीची हवी हे दोनदा बजावून सांगा. दोन्ही बाजू चकचकीत झाल्या तर शाई धरत नाही आणि पोस्टाचा शिक्का पुसला जातो. फोटो स्टुडिओतले चार बाय सहा इंची फोटो कार्ड म्हणून पाठवणारे आहेत, पण तो कागद पातळ असतो आणि मागे बॉलपेनही घसरतं. पाठवायचेच असतील तर मागे जाड कागद पूर्ण चिकटवा, कडा सुटता कामा नयेत. टिकल्या, मणी, उंच चिकटवलेली फुलं यंत्रात अडकतात, त्यांना कार्डावर जागा नाही.

चित्र कशाचं? शनिवारवाडा सगळेच पाठवतात आणि पाठवावाही. पण या शहरात मालिका करण्यासारखं इतकं काही आहे की मला नव्या माणसाचा हेवा वाटतो. आपल्या देवळांची नावंच घ्या: खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, दाढीवाला दत्त. प्रत्येकाचा एक फोटो आणि मागे दोन ओळींत नावामागची सांगितली जाणारी गोष्ट, एवढ्यावर वर्षभर पुरेल अशी मालिका होते. वाड्यांचे दरवाजे, गणपतीतले देखावे, पालख्या पुण्यात मुक्कामाला असतानाची गर्दी, मंडईतले भाजीचे ढीग, पाताळेश्वराचा गोल नंदीमंडप, हेही आहेच. आणखी एक हुकमी विषय आता हाती आला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले आहेत. वारसास्थळांचीच कार्डं जमवणारे लोक जगभर आहेत आणि ही नवी नोंद त्यांना हवीच असते. पावसाळ्यातल्या लोहगडाच्या विंचूकाट्याचा स्वतः काढलेला चांगला फोटो असेल तर त्याच्या पन्नास प्रती खुशाल छापा.

फोटो स्वतःचा असावा किंवा काढणाऱ्याची परवानगी घेतलेली असावी. माणसांचे चेहरे ठळक दिसत असतील तर त्यांनाही विचारा. भारताचा नकाशा छापायचा झाला तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणाराच छापा, तिथे कायदा कडक आहे.

काय लिहायचं

इथे वेळ घालवा. पत्ता मिळाल्यावर त्या माणसाने स्वतःविषयी लिहिलेलं सगळं वाचा. त्याला काय आवडतं, कोणती कार्डं नकोत, तो काय विचारतो आहे. मग आपल्याकडच्या कार्डांतून त्याच्या जवळ जाणारं एक निवडा. हुबेहूब मागणीप्रमाणे कार्ड नसलं तरी चालतं, त्याची भरपाई मजकुरात करता येते.

कार्डाच्या डाव्या अर्ध्या भागात चाळीस ते साठ शब्द मावतात. त्यात पुण्याची लोकसंख्या आणि इतिहास कोंबू नका, ते त्याला कुठेही वाचता येईल. एकच गोष्ट सांगा, पण ती पाहिलेली, खाल्लेली, ऐकलेली असू द्या. समजा, फिनलंडमधल्या एका बाईंनी लिहिलं आहे की त्यांना घरी पाव भाजायला आवडतो. त्यांना मी असं काही लिहीन:

"तुम्ही पाव भाजता हे वाचून मला आमच्या शहराजवळचा सिंहगड आठवला. तिथे बायका चुलीवर ज्वारीची भाकरी भाजून देतात, सोबत पिठलं आणि मातीच्या मडक्यात लावलेलं दही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून भाकरी लाटत नाहीत, हाताने थापतात. तुमच्याकडच्या राईच्या पिठाला कसं वागवता?"

हे साध्या इंग्रजीत सहज बसतं. यात त्यांच्या आवडीचा धागा धरलेला आहे, इथली एक खरी गोष्ट आहे आणि शेवटी खराखुरा प्रश्न आहे. अशा प्रश्नाला लोक नोंदणीच्या वेळी मनापासून उत्तर देतात. कुणी घड्याळं दुरुस्त करणारा असेल तर आपल्या पेठांना आठवड्याच्या सातही वारांची नावं आहेत हे त्याला सांगा. शिक्षिका असेल तर सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात शिकवलं ते सांगा. ढोल वाजवणाऱ्या माणसाला गणपतीआधी नदीकाठी चालणारा पथकांचा सराव लिहून पाठवा.

इंग्रजी छोट्या वाक्यांचं ठेवा. समोरच्याचीही ती बहुधा दुसरी किंवा तिसरी भाषा असते. आपल्याकडचे शब्द वापरा पण सोबत चार शब्दांत अर्थ द्या. तारीख लिहिताना महिन्याचं नाव लिहा. ३/७ म्हणजे आपल्याकडे तीन जुलै, पण अमेरिकेत तोच सात मार्च होतो. शेवटची एक ओळ मराठीत, सुवाच्य देवनागरीत लिहा आणि खाली तिचा उच्चार रोमन लिपीत. देवनागरी अक्षरं पाहून लोक खूश होतात, काही जण ती गिरवूनही पाहतात. तुमची आजी अजून सुंदर मोडी किंवा बाळबोध लिहिणारी असेल तर ती ओळ तिच्याकडून लिहून घ्या. जात, धर्म, राजकारण, परक्या देशाच्या युद्धाबद्दलची मतं या जागेत सांगू नका. कार्ड कुणाच्या हाती, कुठल्या मनःस्थितीत पडेल हे आपल्याला ठाऊक नसतं.

पेनाबद्दल: पाण्याने न पसरणारी शाई वापरा. जेल पेन आणि फाउंटन पेनची साधी शाई जून ते सप्टेंबर दगा देते. चांगलं बॉलपेन किंवा पिगमेंट शाईचं पेन घ्या, लिहिल्यावर कार्ड पाच मिनिटं पंख्याखाली उघडं ठेवा आणि कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून पाहा.

मागची बाजू कशी मांडायची

कार्ड मधोमध उभ्या रेघेने विभागा. डावा भाग मजकुराला, उजवा पत्त्याला, उजव्या वरच्या कोपऱ्यात तिकिटं. भारतीय स्मारक तिकिटं पुष्कळदा पाच रुपयांची असतात, म्हणून परदेशी दर भरायला तीन-चार तिकिटं लागू शकतात. तेवढी जागा आधी पेन्सिलने आखून ठेवा, नाहीतर शेवटी तिकीट मजकुरावर चढतं. उजव्या भागाच्या तळाला साधारण दीड सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा. अनेक देशांत यंत्र तिथे बारकोड छापतं आणि त्याखालचं अक्षर झाकलं जातं.

पत्ता जसा दिला आहे तसाच, त्याच ओळींच्या क्रमाने उतरवा. जर्मनीत पिनकोड गावाच्या आधी येतो, ब्रिटनमध्ये तो शेवटी येतो, नेदरलँड्समध्ये चार आकडे आणि दोन अक्षरं असतात. आपल्या सवयीने तो क्रम 'सुधारू' नका. जपान, चीन, तैवान, रशिया इथले सदस्य पुष्कळदा त्यांच्या लिपीतही पत्ता देतात. तो सुबक छापून, कापून, चारी कडांनी चिकटवा. मात्र देशाचं नाव शेवटच्या ओळीत इंग्रजीत मोठ्या अक्षरांत हवंच, कारण कार्ड भारतातून बाहेर पडेपर्यंत ते आपल्याच लोकांना वाचायचं आहे.

कार्ड क्रमांक दोनदा लिहा, एकदा मजकुराच्या वर आणि एकदा खाली. एका जागेवर शिक्का बसला तरी दुसरी जागा वाचता येते. या एका सवयीने बरीच कार्डं वाचतात. वरच्या बाजूला इंग्रजीत 'एअर मेल' लिहा किंवा निळी चिठ्ठी लावा. स्वतःचा पत्ता टाकायचा असेल तर डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. तो उजव्या भागाच्या जवळ आला तर कार्ड फिरून आपल्याच दारात येऊ शकतं.

पोस्टात

देशातलं पन्नास पैशांचं पोस्टकार्ड परदेशात त्या किमतीला जात नाही. परदेशी हवाई टपालाच्या कार्डाला वेगळा दर आहे आणि तो अधूनमधून बदलतो, म्हणून पहिल्या खेपेला खिडकीवर "परदेशी पोस्टकार्ड, एअर मेल, अमक्या देशाला" असं स्पष्ट विचारा. पत्राचा दर सांगितला तर कार्डाचा वेगळा दर पाहायची नम्रपणे विनंती करा; पाकिटाशिवाय जाणारं कार्ड दाखवलं की सहसा लगेच उलगडा होतो. पहिल्यांदा जाताना शक्यतो साधू वासवानी चौकातल्या जीपीओत किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टात जा. तिथे परदेशी टपालाची सवय जास्त आहे. ज्या देशाला पाठवायचं आहे तिथली सेवा चालू आहे ना, हेही विचारा. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी देशांचं टपाल थांबलं होतं, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासून काही आठवडे अमेरिकेचं बंद होतं.

तिकिटांत कंजूषी करू नका, म्हणजे रकमेत नव्हे, निवडीत. समोरच्याला तिकीट हे कार्डाइतकंच प्यारं असतं. फिलाटेली विभागातून पक्षी, रेल्वे, नृत्य, किल्ले, थोर माणसं अशी तिकिटं घेऊन ठेवा आणि माणूस पाहून लावा. आपल्या शहराशी जोडलेली तिकिटंही पुष्कळ निघाली आहेत. महर्षी कर्व्यांचं तिकीट १९५८ साली त्यांच्या शंभरीला निघालं, ते स्वतः हयात असताना. स्वतःच्या फोटोचं 'माय स्टॅम्प' करून घ्यायची सोयही आहे, तीही एकदा करून पाहण्यासारखी आहे. जुन्या तिकिटांचा डिंक भरवशाचा नसतो. पोस्टातली खळ जास्त लागली तर कार्ड फुगतं. मी ग्लू स्टिकच वापरा असं सांगेन, कडांपर्यंत पातळ थर देऊन.

गर्दी नसेल तर कार्ड खिडकीवर देऊन हाताने स्वच्छ शिक्का मारायची विनंती करा. नीट उमटलेला 'पुणे' आणि तारीख वाचता येणारा शिक्का संग्राहकाला सोन्यासारखा. काही टपाल कार्यालयांत त्या ठिकाणाचं चित्र असलेला कायमस्वरूपी शिक्का असतो, त्याचीही चौकशी करावी. गल्लीतल्या लाल पेटीत टाकायचं असेल तर पेटी उघडण्याच्या वेळा वाचा, आणि मुसळधार पावसात त्या पेटीचा मोह टाळा.

कार्ड पाकिटात घालून मागणारेही असतात. तेव्हा पत्राचा दर लागतो. पाकिटात नाणी, नोटा, बिया, वाळलेली फुलं, मसाले घालू नका. नोटा साध्या टपालातून पाठवायला मनाई आहे आणि बिया-फुलं बऱ्याच देशांत जप्त होतात. आपण शुभेच्छा म्हणून घातलेल्या तुळशीच्या मंजिरीमुळे समोरच्याला त्रास व्हायला नको.

वाट पाहताना

युरोपात एखादं कार्ड दोन-तीन आठवड्यांत पोचतं, दुसरं तिथेच दोन महिने घेतं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेतल्या काही देशांना आणखी वेळ लागतो. एक वही ठेवा: क्रमांक, नाव, देश, टाकल्याची तारीख, कोणतं चित्र, कोणती तिकिटं, काय लिहिलं. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. कार्ड हरवलं तर काय गेलं ते कळतं, आणि एकाच माणसाला पुन्हा तेच चित्र जात नाही. कार्डाला ठरलेल्या मुदतीहून वेळ झाला तर एकदाच, सौम्य शब्दांत निरोप पाठवून विचारा. थेट अदलाबदलीत हरवलेल्या कार्डाऐवजी दुसरं पाठवायची तयारी ठेवा, यावरच तुमचं नाव टिकतं.

कार्ड आलं की त्याच दिवशी नोंदवा. पलीकडचा माणूस त्या नोंदीची वाट पाहतो आहे. 'मिळालं, धन्यवाद' एवढ्यावर सोडू नका. कार्डावरचं काय आवडलं ते दोन वाक्यांत लिहा, त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. क्रमांक वाचता आला नाही तर पोस्टक्रॉसिंगवर देश, सदस्याचं नाव, मजकूर यांवरून शोधून द्यायची मदत मिळते. ते कष्ट जरूर घ्या.

जपणूक

पुण्याची हवा आठ महिने कागदाला मानवते आणि चार महिने वैऱ्यासारखी वागते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवलेल्या कार्डांवर बुरशी धरते. कपाट आतल्या भिंतीला हवं, खालचा कप्पा नको. पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या किंवा पानं घ्या. पीव्हीसीची स्वस्त पानं कालांतराने चिकट होतात आणि शाई ओढतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांजवळ नकोत. कार्ड लॅमिनेट करणं, चिकटपट्टीने वहीत लावणं, तिकीट सोडवून घेणं, हे तिन्ही टाळा. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास सगळी कार्डं काढून सावलीत, पंख्याखाली उलगडून ठेवा. त्या निमित्ताने ती पुन्हा वाचली जातात.

लावायची कशी, हा आवडीचा प्रश्न. देशवार लावणं सोपं, विषयवार लावणं जास्त रमवणारं: दीपगृहं, आगगाड्या, पूल, बाजार, मांजरं. मी स्वतः माणसावार लावते. एकाच व्यक्तीकडून वेगवेगळ्या वर्षी आलेली कार्डं शेजारी ठेवली की तिच्या आयुष्यातले ऋतू दिसतात. चित्र, तिकीट आणि शिक्का तिन्ही एकाच विषयाचे असतील तर त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात. ती निराळ्या पिशवीत ठेवा, तिकीट चित्राच्याच बाजूला असल्याने घासलं जातं.

जुनी कार्डं शोधायची असतील तर

देवाणघेवाण रुळली की बहुतेकांचं लक्ष जुन्या पुण्याच्या कार्डांकडे जातं. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानांत, घरातल्या पत्र्याच्या ट्रंकांत ती सापडतात. पर्वती, बंडगार्डन, गणेशखिंड ही ब्रिटिशकालीन कार्डांची ठरलेली ठिकाणं. मळवलीजवळ असलेल्या रविवर्मा प्रेसची देवदेवतांची रंगीत कार्डं मिळाली तर नशीब, पण त्यांच्या नव्या नकला खूप आहेत, म्हणून भिंगातून छपाई पाहिल्याशिवाय जास्त पैसे देऊ नका. आजच्या छपाईत एकसारख्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात, जुन्या शिळाछापात रंगाचे ओबडधोबड, निरनिराळ्या आकारांचे कण दिसतात.

काळ ओळखायची एक सोपी खूण मागच्या बाजूला असते. सुरुवातीच्या कार्डांची ती अख्खी बाजू पत्त्यासाठी राखलेली होती, मजकूर चित्राच्या कडेला कसाबसा लिहावा लागे. मधली उभी रेघ ब्रिटनमध्ये १९०२ साली आली, अमेरिकेत १९०७ साली. रेघ नसलेलं कार्ड दिसलं तर ते साधारण त्या काळाच्या आधीचं समजायचं आणि मग शिक्क्यावरची तारीख, तिकिटावरचा राजा किंवा राणी यांच्याशी ताडून पाहायचं. वापरलेलं कार्ड कोऱ्यापेक्षा कमी प्रतीचं मानणारे विक्रेते भेटतील. त्यांच्याकडून लिहिलेली कार्डं स्वस्तात घ्यावीत. त्यांच्यावर कुणीतरी कुणालातरी पोचल्याचं, ताप उतरल्याचं, पुढच्या गाडीने येत असल्याचं कळवलेलं असतं, आणि इतक्या वर्षांनी ते वाचायची संधी फक्त तुम्हाला मिळते. घरी आणल्यावर मऊ ब्रशने धूळ झाडा, ओलं काहीही लावू नका, आणि नवीन कार्डांत मिसळण्याआधी दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा, कारण कसर लागलेलं एक कार्ड शेजारच्या सगळ्यांना पुरतं.